देव बसलेले असताना

सातव्या माळेच्या दिवशी सकाळी कल्याण कारळाच्या फुलांची माळ घेऊन देवघरात गेला, तर देव जागेवर नव्हते.

घट होता. घटाभोवतीच्या काळ्या मातीतून गव्हाचे पिवळट कोंभ बोटभर वर आले होते. नंदादीप तेवत होता. आधीच्या माळा एकीखाली एक लोंबत होत्या, सगळ्यात जुनी सुकून नुसत्या दोरीसारखी झालेली. विड्याची पाच पानंही होती, मांडली तशीच, आणि प्रत्येक पानावर टाकाच्या आकाराचा एकेक फिकट डाग. देवच तेवढे नव्हते. चोरी झाली, असं त्याला आधी वाटलं, आणि वाटता वाटता अंगात एक विचित्र हुशारी आली. चला, घरात काहीतरी झालं. आता आई हाक मारील, आता सगळे आपल्याकडे बघतील, आता आपल्याला चौकीवर जावं लागेल. मग पाटाशेजारचं तांब्याचं घंगाळ दिसलं. काठोकाठ पाणी, आणि तळाशी चांदीचे पाचही टाक एकमेकांवर कलंडलेले. वर पंखा फिरत होता म्हणून पाणी थरथरत होतं, आणि पाण्याखाली देवांची तोंडं हलत होती. बोलल्यासारखी. काय बोलतायत ते त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. राधे, राधे, राधे.

वादळ आत्ता कुठं आहे? मेक्सिकोच्या आखातात. कोमट पाणी पिऊन फुगत चाललंय.

राधेश्याम म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. आष्टीच्या शाळेत पाटीवर शिकलेला, आता फ्लोरिडातल्या टॅम्पा नावाच्या गावी राहणारा. गाव कसलं, शहरच, आणि तेही समुद्र हात घालून आत आलेल्या खाडीच्या तोंडावर. चार दिवसांपासून एक वादळ त्या शहरावर नेम धरून निघालं होतं आणि चार दिवसांपासून जालन्यातल्या या तीन खोल्यांमध्ये दुसरा विषय नव्हता. तिकडे वादळांना नावं देतात. याला बाईचं नाव होतं. उषाबाईंना ते नाव जिभेवर बसेना म्हणून त्या पहिल्या दिवशी 'ती भवानी' म्हणाल्या आणि नवरात्र असल्याचं आठवून लगेच जीभ चावली, गालात मारून घेतलं. तेव्हापासून वादळ म्हणजे नुसती 'ती'. ती कुठवर आली. ती वळली का. तिचा जोर किती. कल्याणला कधी कधी वाटायचं, राधेची सोयरीक चाललीय आणि मुलगी हळूहळू गावाकडं येतेय. आईनं समुद्र आयुष्यात पाहिला नव्हता. समुद्र घरात येतो म्हणजे नेमका कसा येतो, हे ती तृप्तीला, म्हणजे सुनेला, दिवसातून तीनदा विचारायची. दारातून येतो का खिडकीतून.

देव पाण्यात घालून बसणं तसं घरात नवीन नव्हतं. अरिष्ट टळेपर्यंत देवानं बुडून राहायचं, म्हणजे मग त्यालाच घाई सुटते. पण घट बसल्यावर देव हलवायचे नाहीत, हेही तितकंच जुनं होतं. देव पानावर बसले की नऊ माळा बसले. आंघोळसुद्धा नाही, फुलानं पाणी शिंपडायचं, बस्स. दसऱ्याला घट उठेल तेव्हा देव उठतील. लहानपणी चेंडू देव्हाऱ्यात गेला तर तो दसऱ्यापर्यंत तिथंच राहायचा. हा नियम कल्याणच्या हाडात होता, आणि नुसता हाडात नव्हता. गेली काही वर्षं तो त्या नियमाला टेकून उभा होता. कारण कोरोनाच्या पहिल्या वर्षी, अशाच घट बसलेल्या दिवसांत, तो नाकातोंडावर मास्क लावून वॉर्डात पडलेला होता. खिडकीजवळची खाट. शेजारच्या खाटेवर मंठ्याचा एक म्हातारा होता, तो श्वास घेताना जुन्या रहाटासारखा आवाज करी, आणि एके सकाळी रहाट थांबला. त्याच दिवशी तृप्तीनं फोनवर आई दाखवली. आईच्या खांद्यामागं देव्हारा दिसत होता, आणि कल्याणनं आईकडं पाहिलंच नाही, तिच्या मागंच बघत राहिला. देव पानांवर होते. कोरडे, नीट, ओळीनं. तृप्तीनं नंतर, तो घरी आल्यावर, हसत हसत सांगितलं होतं, "मी आत्याबाईंना म्हणाले की देव पाण्यात घालू का, तर म्हणाल्या, देव बसलेत बाई, बसलेल्या देवाला हलवता येत न्हाई, माळा होऊ दे." तोही हसला होता. बरोबर होतं. नियम होता. आईचं काळीज नव्हे, नियम आडवा आला होता. एवढी वर्षं तो ह्या एका वाक्यावर अंग टाकून झोपत आला, आणि आज कुणीतरी खालून सतरंजी ओढून घेतली.

"आई."

उषाबाई न्हाणीतून ओल्या पायांनी आल्या. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, नाकात मोठी नथ नसली तरी नाकाचं भोक तेवढं मोठं. त्यांनी आधी त्याच्याकडं आणि मग घंगाळाकडं पाहिलं.

"हळू बोल."

"हे काय केलंस?"

"दिसायलंय की."

"देव बसलेत ना?"

"बसलेत. माफी मागितली अन् उठवले. समुद्र पोराच्या घरात शिरायलाय, अन् ह्यांनी हितं पान खात बसावं व्हय?"

त्यानं माळ हातातच धरून ठेवली होती. कारळाची पिवळी फुलं नाजूक, एकसारखी गळत होती.

"चहा घेतलास?"

"न्हाई. पोरगं त्या गावातून भाईर पडून कुठंतरी कोरड्या जागी पोचत न्हाई, तवर पान्याचा थेंब न्हाई. गोळी खाल्ली कोरडीच."

"तुला शुगर आहे आई."

"त्याला समुद्र हाये."

आणि मग ते त्याच्या तोंडून निघून गेलं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर विरळ केस, मुलगी पुण्याला शिकायला, आणि तोंडातून निघालं ते चौथीतल्या पोराच्या आवाजात. "माझ्या वेळी?"

"तुझ्या वेळी काय?"

तिला आठवतच नव्हतं. ती खरंच आठवायला बघत होती, कपाळाला आठ्या घालून, आणि ते बघणं त्याला सगळ्यात जड गेलं.

"ते कोरोनाचं व्हय? तवा देव बसले होते की."

"आत्ताही बसलेत."

उषाबाई घंगाळाशी वाकल्या. त्यांनी त्यातलं पाणी उगाच बोटानं हलवलं. "तुझं भ्या वाटत न्हाई रे मला," त्या म्हणाल्या. "तुझं कधीच भ्या वाटलं न्हाई." आणि बक्षीस दिल्यासारखा त्याच्या दंडावर हात ठेवून पुढं म्हणाल्या, "फोन लाव त्याला. निघ म्हनावं. माझं हसण्यावारी नेतो. तुझं बराबर ऐकतो तो."

तुझं भ्या वाटत न्हाई. तो डबा होईपर्यंत हे वाक्य तोंडात फिरवत बसला. खडीसाखर म्हणून घेतलेला खडा तुरटीचा निघावा तसं. मोठ्या मुलाचं भय वाटत नाही. तो असतो. नळासारखा, म्हणजे जालन्यातल्या नळासारखा नव्हे. भिंतीसारखा. भिंत पडेल म्हणून कुणी उपास धरत नाही. लहानपणी आष्टीला आई रोज तिन्हीसांजेला राधेची दृष्ट काढायची, मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या. गोरं पोर, गुबगुबीत, बघेल त्याची नजर लागायची. मिरच्या चुलीत टाकल्या की ठसका येत नसे, आणि ठसका आला नाही म्हणजे नजर जबर लागलेली. आई कानशिलावर बोटं मोडायची. माझी काढ, असं एकदा कल्याण म्हणाला, तर आई हसत म्हणाली, तुला कोन बघतंय रं. मग एका दुपारी घरात कुणी नसताना त्यानं स्वतःच मूठभर मिरच्या घेतल्या, स्वतःच्याच डोक्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की गोठ्यातली गाय खोकली. शेजारची चांगुणाबाई पदर नाकाला लावून पळत आली. सगळी आळी खोकत होती आणि तो मधोमध उभा, डोळ्यांतून पाणी, आणि त्याला कळून चुकलेलं. ठसका आला. म्हणजे कुणाचीच नजर नाही. एकाचीही नाही.

तृप्तीनं डबा हातात देताना आवाज खाली घेतला. "आत्याबाईंनी देव उठवले की हो. तुमच्या वेळी मी एवढं म्हणाले तर..."

तिनं डब्याचं झाकण उगाच दाबून पाहिलं.

"तर काय?"

"काही नाही. राधेभाऊजींनी त्या खिडक्यांना लाकूड मारलंय ना, त्याचा खर्चा किती झाला म्हणे?"

वादळ आत्ता कुठं आहे? बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. वेग मोजलेला नाही.

नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत कल्याण उगवण तपासायच्या प्रयोगशाळेत होता. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी झोपवायचं, गुंडाळ्या उबेच्या कपाटात उभ्या करायच्या, ठरलेल्या दिवशी उलगडायच्या आणि मोजायचं. सशक्त रोपं किती, वाकडीतिकडी किती, मेलेलं बी किती. बावीस वर्षं तो हे करत होता. आज त्यानं पहिली गुंडाळी उलगडली, कपाशीची रोपं ओळीनं पडलेली, आणि चिमटा हातात धरून तसाच बघत राहिला. वाकड्या रोपाकडं माणूस नीट बघतो. मूळ कुठं खुंटलं, पान का चिकटलं, भिंग लावतो, शेजारच्याला बोलावतो. मेलेलं बी दाबून पाहतो, अजून जीव आहे का. सशक्त रोपाकडं कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. मोजायचं आणि टाकून द्यायचं.

"कल्याणराव," शेजारच्या टेबलावरून मच्छिंद्र म्हणाला, "ती बाई जरा उत्तरंला वळाली म्हनं."

"कोण बाई?"

"आता! तुमच्या भावाची. सकाळपासून नकाशाच बघून राह्यलो मी. तुमच्या भावापायी आमाला अमेरिकेचा भूगोल पाठ झाला बघा. आई कशी आहे?"

"ठीक."

"काळजी असनार. लांबचं लेकरू." मच्छिंद्रनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. निळ्या समुद्रात एक पांढरी चकती, मधोमध भोक, आणि तिच्यापुढं पसरत गेलेलं एक सुपासारखं चित्र. ती कुठंही जाईल तरी ह्या सुपातच जाईल. सुपाच्या मधोमध राधेचं घर. कल्याणला ती चकती सुंदर वाटली. एवढं मोठं काहीतरी, एवढ्या दुरून, एका माणसाच्या दाराकडं चालत येतंय. त्याच्या वाट्याला आलं होतं ते डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हतं. त्याला नाव होतं तेही सगळ्या जगाला मिळून एकच. आणि मग, चिमट्यात एक रोप धरलेलं असताना, त्याच्या मनात आलं की ये. वळू नको. सरळ ये. फार नको. एक भिंत, अर्धं छप्पर... त्यानं रोप खाली ठेवलं. हात धुऊन आला. हाताला कागदाचा ओला वास येतच राहिला.

दुपारी फोन थरथरला. राधे. तिकडं पहाट नुकतीच होत असणार. कल्याणनं नावाकडं पाहिलं आणि फोन टेबलावर तसाच थरथरू दिला. थांबला. पुन्हा थरथरला. त्या थरथरीत एक गोडी होती, ती त्यानं शेवटपर्यंत चाखली. वाजू दे. बघू दे वाट. एकदा तरी त्या बाजूनं वाट बघू दे. मच्छिंद्रनं मान वर करून विचारलं, "घेत न्हाई?" तो म्हणाला, "कंपनीचा आहे. जाहिरात."

पण सुटीनंतर, स्टेशनच्या रस्त्याला, मोटारसायकलला किल्ली लावताना फोन पुन्हा आला आणि त्यानं घेतला. पडद्यावर अंधार. मग राधेचं तोंड, दाढी वाढलेली, भर दिवसा घरात दिवा लावलेला.

"दादा, कुठं होतास? चार फोन केले."

"कामात होतो."

"बघ." राधेनं फोन फिरवला. खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकलेल्या, फटीतून उन्हाच्या रेघा. दाराशी वाळूच्या पिशव्या. स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्यांची थप्पी. मग न्हाणीघर, आणि त्यातला तो लांबट टब काठोकाठ भरलेला. "पाणी बंद होईल म्हणून भरून ठेवलंय. आई बघून म्हणते कशी, तिकडं बी नळ जातो व्हय रे." तो हसला. कल्याणही हसला असता. आपण जन्मभर ड्रम, टाक्या, बादल्या भरूनच जगलो, आपण तर रोजच वादळाच्या तयारीत, पण आपला ड्रम कुणी फोनवर दाखवत नाही. तो हसला नाही. बाजूनं रिक्षावाला हॉर्न देत गेला.

"आता?"

"तेच विचारायलोय. निघा म्हणून हुकूम आलाय. आकांक्षानं बॅगा भरल्यात, गाडीत नेऊन ठेवल्यात. शेजारचा म्हणतो मी थांबतो. घर नवीन आहे, दादा. रस्त्यावर गाड्याच गाड्या, पेट्रोल न्हाई. मधीच अडकलो अन् तिथंच गाठलं तर? इथं निदान भिंती आहेत. तू सांग. काय करू?"

राधेच्या मागं त्याची बायको, आकांक्षा, दारात उभी होती. गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेत होती.

तू सांग. आष्टीच्या ओढ्याला पावसात पाणी आलं की राधे दप्तर डोक्यावर धरून अलीकडं उभा राहायचा. सगळी पोरं पार व्हायची, हा उभाच. कल्याण पलीकडून हात पुढं करून म्हणायचा, ये, मी म्हणतो ना. तेवढं म्हटलं की यायचा, डोळे मिटून. पाणी किती आहे ते बघायचाही नाही.

"तुझं घर आहे," कल्याण म्हणाला. "तुझं तू बघ."

राधेचं तोंड तसंच राहिलं, चित्र अडकलं की काय असं वाटण्याइतकं. आणि तेवढ्यात कल्याण फार पुढं जाऊन आला. आष्टीहून, मंठ्याहून माणसं आलेली. अंगणात सतरंज्या. भिंतीवर राधेचा फोटो, हार घातलेला, गोरा, हसरा. आई त्या फोटोखाली बसलेली, आणि आता ती तिथून कधीच उठणार नाही. रोज तिन्हीसांजेला त्या फोटोची दृष्ट काढील. जिवंत भावाशी निदान भांडता येतं. मेलेल्याला कोण हरवणार?

काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "आईनं तुझ्यासाठी देव पाण्यात घातलेत. बसलेले देव. घटावरून उठवून. पाणीसुद्धा प्यायली नाही सकाळपासून."

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी?"

राधे टबाच्या काठावर बसला. फोन खाली गेला, पडद्यावर छत दिसायला लागलं, आणि छताकडूनच आवाज आला. "तू दवाखान्यात होतास ना दादा, तवा मी रोज फोन लावायचो. आई उचलायची अन् म्हणायची, ठेव, लाईन गुतवू नको, दवाखान्याचा फोन येईल. रोज. दुसरा शब्द न्हाई. तृप्ती वहिनी मेसेज करायची तेवढाच. त्याच आठवड्यात आकांक्षाला पण झाला होता. श्वास लागायचा तिला. मी सांगितलंच न्हाई कुणाला. सांगायला लाईन मोकळी पाहिजे ना." थोडा वेळ छतच. "किचनमध्ये उभा राहून रडलो मी. अन् मला कळंना, तू मरशील म्हणून रडून राह्यलोय, का..."

पुढचा शब्द, हेव्याचा, कल्याणला पाठ होता.

रस्त्यावर दिवे लागत होते. मोंढ्याकडून येणाऱ्या एका टेम्पोतून सोयाबीनची धूळ उडाली आणि त्याच्या तोंडावर बसली. त्याला ती आई दिसली. देव्हाऱ्यापुढं, देव कोरडे, पानांवर नीट बसलेले, आणि ती मांडीवर फोन घेऊन बसलेली, तो वाजू नये म्हणून आणि वाजावा म्हणून. एका पोराचा आवाज मध्येच तोडून दुसऱ्याच्या बातमीसाठी कान मोकळा ठेवणारी. हे तिनं कधी सांगितलं नाही. तिला ते आठवतही नसेल. त्याला गहिवरून यायला हवं होतं. पण पहिल्यांदा जे आलं ते निराळंच होतं. एक चोरटं, हावरं समाधान, की राधेला तोडलं. माझ्यासाठी तोडलं. आणि त्याच्या पाठोपाठ, त्या समाधानाचीच शरम धरून, भीती. खरीखुरी. ओढ्याला पाणी आलंय आणि पोरगं अलीकडं उभं आहे.

"राधे."

"हं."

"निघ."

"रस्ता पार जाम आहे दादा, पेट्रोल..."

"निघ. टाकीत आहे तेवढ्यावर निघ. घराकडं वळून बघू नको. आत्ता, फोन चालू असतानाच उठ."

"पण..."

"ये, मी म्हणतो ना."

पडद्यावर छत हललं. मग आकांक्षाचा हात, किल्ली, दाराची चौकट, आणि डोळे दिपवणारं ऊन. वादळाच्या आधीचं आभाळ इतकं निळं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

वादळ आत्ता कुठं आहे? विचारू नका. गाडी चालू झालीय.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "निघाला."

"पोचला?"

"निघाला म्हणतोय आई."

"मंग पोचल्यावर," उषाबाई म्हणाल्या आणि घंगाळाशेजारी भिंतीला टेकून बसल्या. तृप्तीनं हातापाया पडून पाहिलं. पाणी नाही तर ताक, ताक नाही तर निदान डाळिंबाचे दाणे. त्या तोंड मिटून बसल्या. ओठांना पांढरी किनार आली होती. कल्याणनं लाईन गुंतवण्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कवा रं? आणि ते पुन्हा ऐकायची त्याची तयारी नव्हती. ते त्याच्याकडंच राहू दे. आईच्या जवळ नसलेलं, आईचं असं काहीतरी आता त्याच्याजवळ होतं.

आठव्या माळेची फुलं झेंडूची मिळाली. सकाळी तो ओवलेली माळ घेऊन देवघरात गेला तेव्हा आई तिथंच होती, बसल्या जागी डोळा लागलेला, मान एका बाजूला कललेली. गव्हाचे कोंभ कालच्यापेक्षा वाढले होते. पानं रिकामी. कालची कारळाची माळ त्यानं कोनाड्यात ठेवून दिली होती, ती त्यानं आधी बांधली आणि मग आजची. स्टुलावरून खाली उतरताना खिशात फोन थरथरला.

पोचलो दादा. डोंगराकडच्या गावात आहोत. कोरडं आहे इथं. आईला सांग.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. आईला सांग. आई हातभर अंतरावर होती. तो तिच्याकडं वळला आणि त्याची नजर घंगाळात गेली. पाणी थरथरत होतं, देवांची तोंडं हलत होती, कालच्यासारखीच. पण आज ती काय बोलत होती? राधे तर पोचला. कोरड्या जागी पोचला. हे देवांना माहीत नव्हतं, आईला माहीत नव्हतं, एकट्या कल्याणला माहीत होतं. मग आत्ता, या घटकेला, हे पाच जण पाण्यात कुणासाठी होते? कुणासाठीच नाही. जागा रिकामी होती. आई उपाशी होती, तहानेली होती, देव बुडालेले होते, सगळं मांडलेलं होतं आणि ज्याच्यासाठी मांडलं तो उठून गेला होता. कल्याण हळूच त्या जागेत जाऊन बसला. जमिनीवर, घंगाळाला गुडघा लावून. कुणी उठवलं नाही. त्याला ते पाणी आपल्या अंगाला लागल्यासारखं वाटलं, गार, मानेपर्यंत. कुणीतरी आपल्यासाठी देव बुडवलेत. कुणाचा तरी घसा आपल्यासाठी कोरडा पडलाय. म्हणजे असं असतं हे. एवढंच. एवढ्यासाठी आपण...

झोपेत आईनं आवंढा गिळला. गिळायला काही नव्हतं, नुसता गळा वरखाली झाला आणि ओठ सुटताना चिकटल्याचा बारीक आवाज आला.

"आई," तो म्हणाला. "पोचला."

उषाबाईंनी डोळे उघडले. आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि दोन्ही हात कपाळाला लागले. "कोरडं हाये?" 

"कोरडं आहे. डोंगराकडं आहेत."

"अन् ती?"

"ती अजून यायचीय. येऊ दे. तो नाही तिथं."

त्यानं माठातून गिलास भरून आणला. त्या घटाघटा प्यायल्या, पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं, अर्ध्यात श्वास घ्यायला थांबल्या आणि गिलास हातात धरूनच म्हणाल्या, "काढ देव. आता तूच काढ. नीट पुस, पानावर मांड, अन् माफ करा म्हनावं, लेकराची आई हाये."

त्यानं घंगाळात हात घातला. पाणी रात्रभराचं गार. एक टाक काढला, पंचाच्या कोपऱ्यानं पुसला, पानावर त्याच्या फिकट डागावर बसवला. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा बोटांना लागला, गुळगुळीत, एवढासा, आणि त्याची बोटं त्याच्यावर थांबली. मग रिकामीच वर आली. त्यानं हात पुसला आणि झेंडूची माळ सरळ होती तरी ती सरळ करू लागला.

"एक राह्यला की रं," आई म्हणाली.

"राहू दे थोडा वेळ."

"आता कशाला?"

तो माळेकडंच बघत होता. मग त्यानं मान वळवली. उषाबाई घंगाळातल्या त्या एका देवाकडं बघत होत्या, आणि मग त्याच्याकडं, आणि मग पुन्हा पाण्याकडं. त्यांच्या कपाळाला कालच्याच आठ्या पडल्या होत्या, काहीतरी आठवायला गेल्यासारख्या. हातातला अर्धा गिलास त्यांनी वाकून खाली फरशीवर ठेवला, घंगाळाच्या शेजारी, आणि पदरानं ओठ कोरडे पुसले.

"आई, पी की ते."

"राहू दे," ती म्हणाली. "थोडा वेळ."